वंशागत व्याधीचे भय आणि गृहस्थधर्म

गीतेचा पहिला अध्याय पुष्कळ वाचक भरभर ओलांडतात, कारण उपदेश दुसऱ्या अध्यायापासून सुरू होतो अशी त्यांची समजूत असते. परंतु मनुष्याचे मन जाणू इच्छिणाऱ्याने त्या अध्यायात थोडे रेंगाळावे. अर्जुन भित्रा नव्हता. विराटाच्या गाई सोडविताना याच भीष्मद्रोणांना त्याने एकट्याने तोंड दिले होते. मग कुरुक्षेत्रावर त्याच्या अंगाला कंप का सुटला, तोंड का सुकले, हातातील धनुष्य का निसटू लागले? त्या क्षणी त्याला समोर शत्रू दिसले नाहीत. आपले कुळ दिसले. बाहेरून आलेल्या संकटाशी झुंजण्याचे बळ माणसाजवळ असते. तेच संकट आपल्या रक्ताच्या माणसांचा चेहरा घेऊन उभे राहिले म्हणजे ते बळ गळून जाते.

अशाच एका विषादाचा विचार येथे करावयाचा आहे. ज्या घरात आजी ‘पोटात गाठ होऊन’ गेली असे सांगतात, आई कर्करोगाने गेली आणि मावशीलाही त्याच रोगाने गाठले, त्या घरातील मुली आरशासमोर उभ्या राहिल्या म्हणजे त्यांना केवळ स्वतःचा चेहरा दिसत नाही.

बंगळूरच्या राजाजीनगरातील एक मराठी घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. चक्रवर्ती राजगोपालाचारींचे नाव धारण करणारा हा भाग. राजाजी स्वतः गीतेचे व्याख्याते होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. बंगळुराशी मराठी माणसाचा संबंध १६३८ पासूनचा, म्हणजे विजापूरकरांनी ते घेऊन पुढे शहाजीराजांकडे जहागीर म्हणून सोपविले तेव्हापासूनचा. त्यामुळे घराबाहेर कानडी आणि देवघरात मराठी अशी कित्येक घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. कल्पिलेले हे घर कोणा एकाचे नाही; पण त्यासारखी घरे तेथे नाहीत असे कोणी म्हणणार नाही.

या घरातील आई त्रेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेली. मागे पती, तीन मुली आणि एक मुलगा. मावशीला पन्नाशीत अंडाशयाचा कर्करोग झाला. होसूर रस्त्यावरील किदवाई संस्थेत उपचार होऊन ती बचावली आणि आता जवळच मल्लेश्वरमला मुलाकडे असते. थोरली मुलगी आज एकेचाळीस वर्षांची आहे. त्रेचाळीस हा आकडा तिच्या मनात भिंतीसारखा उभा आहे. त्या भिंतीपलीकडचे ती काही ठरवीतच नाही. मुलाच्या महाविद्यालयाची गोष्ट निघाली की ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ म्हणते, आणि कोणता दागिना कोणाला द्यावयाचा याची वाटणी तिने मनातल्या मनात केव्हाच करून टाकली आहे. मधली त्या रोगाचे नावही घरात काढू देत नाही. धाकटी रोज सकाळी, आणि कधी दिवसातून चारदा, बोटांनी चाचपून पाहते. तीन डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितले तरी चौथ्याचा पत्ता शोधते. मुलगा निर्धास्त आहे, कारण त्याच्या मते हा बायकांचा रोग. वडील ‘प्रारब्ध’ एवढा एकच शब्द उच्चारतात आणि राममंदिराच्या वाटेला लागतात.

पाचजणांच्या पाच तऱ्हा दिसत असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. त्यांपैकी कोणालाही वस्तुस्थिती काय आहे हे ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही त्यालाच प्रत्येकाने निश्चित मानले आहे. थोरलीने मृत्यू निश्चित मानला आहे, मुलाने सुरक्षितता.

वस्तुस्थिती अशी आहे. एकूण कर्करोगांपैकी शंभरात सुमारे पाच ते दहाच वंशागत दोषामुळे होतात. बाकीचे वय, तंबाखू आणि इतर अनेक कारणांनी उद्भवतात. काहींचे कारण तर सांगताच येत नाही. तेव्हा घरात एखाद्याला कर्करोग झाला म्हणजे तो कुळात शिरला असे मुळीच नाही. परंतु एकाच बाजूच्या दोन-तीन व्यक्तींना, तोही तरुण वयात, स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर शंका घेण्यास आधार असतो. १९९० साली मेरी-क्लेअर किंग या विदुषीने असा एक दोष सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले, आणि १९९४ व १९९५ या लागोपाठच्या वर्षांत बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही दोन जनुके हाती आली. पेशीतील डीएनएचा धागा तुटला तर तो नीट सांधावयाचा, हे त्यांचे काम. प्रत्येक माणसाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ज्याला एक प्रत सदोष मिळाली त्याचे काम उरलेल्या प्रतीवर चालते. ती दुसरीही आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत निकामी झाली म्हणजे त्या पेशीची दुरुस्ती थांबते आणि रोगाची वाट मोकळी होते. म्हणजे वारशाने येतो तो रोग नव्हे. वारशाने येते ते दुबळेपण.

सदोष प्रत प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, तिला भेद ठाऊक नाही. राजाजीनगरच्या त्या मुलाने हे वाक्य दोनदा वाचावे. त्याला स्वतःला रोग न होताही तो हा दोष आपल्या मुलीला देऊ शकतो. शिवाय बीआरसीए-२ चा दोष असलेल्या पुरुषांत पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाणही वाढलेले आढळते. दोष असलेल्या स्त्रियांचा विचार केला तर ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात सुमारे ७० इतकी, आणि अंडाशयाच्या कर्करोगाची बीआरसीए-१ मध्ये ४४ व बीआरसीए-२ मध्ये १७ इतकी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळली. हे आकडे लहान नाहीत, आणि त्यांना लहान म्हणून दाखविणे ही फसवणूक होईल. पण ते शंभर नाहीत. शिवाय दोष असलेल्या स्त्रीने पंचविशीपासून दरवर्षी एमआरआयने तपासणी करीत राहणे आणि मुलेबाळे झाल्यावर योग्य वयात अंडाशय व बीजनलिका काढून घेणे असे उपाय आज उपलब्ध आहेत; या शस्त्रक्रियेने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे चार-पंचमांशाने कमी होतो.

येथे वडिलांच्या ‘प्रारब्ध’ या शब्दाकडे वळले पाहिजे, कारण आपल्या समाजात या रोगाविषयी जे बोलले जाते त्यातील निम्मे याच शब्दाच्या आडोशाने. अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडून येण्यास पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. दैवाला भगवंतांनी पंक्तीत स्थान दिले आहे, पण सगळी पंक्ती त्याला दिलेली नाही. आणि जो या पाचांतील एकालाच सर्वस्व समजतो त्याची दृष्टी त्या अध्यायाने धड मानलेली नाही; तेथे हा दोष ‘मीच सर्व करतो’ म्हणणाऱ्याला लावला आहे, पण ‘दैवच सर्व करते’ म्हणणारा त्यातून सुटतो असे समजण्याचे कारण नाही. आईच्या पोटी येताना कोणती प्रत हाती आली ते दैव. पण तपासणीचे यंत्र हे साधन आहे, तेथवर चालत जाणे ही चेष्टा आहे, आणि जाणारा कर्ता आहे. राममंदिरात जाणाऱ्या गृहस्थाने चार कारणे घरी ठेवून एकच बरोबर नेले आहे.

याहून वाईट प्रकार म्हणजे समाचाराला येणाऱ्यांचा. ‘मागच्या जन्मीचे काही असेल’ असे ते आजारी बाईच्या देखत, किंवा तिच्या मुलींच्या देखत, सहज बोलून जातात. कोणाचे कोणते कर्म कोणत्या फळाला आले हे सांगण्याइतके ज्ञान या मंडळींना कोठून प्राप्त झाले, ते कळण्यास मार्ग नाही. कर्माची गती गहन आहे असे सांगणारा ग्रंथ घरोघर पूजला जात असता त्याच घरात तिचा हिशेब असा तोंडी मांडला जावा, हे आश्चर्य आहे. परिणाम मात्र ठरलेला: रोगाबरोबर लाजही घरात येते. मल्लेश्वरमची मावशी रक्त तपासून घ्यावयास तयार नाही, ती याच लाजेने. वास्तविक अशा घरात पहिली तपासणी जिला रोग होऊन गेला तिचीच करावयाची असते. तिच्यात दोष सापडला म्हणजे मग इतरांत तोच नेमका शोधता येतो, आणि तो न आढळल्यास कुळाच्या त्या दोषापासून ते मोकळे झाले असे खात्रीने सांगता येते. पण मावशीला वाटते, दोष निघाला तर ‘हिच्या कुळातून आले’ असे लोक म्हणतील. सदोष जनुक ज्या माउलीने दिले तिला ते कोणी तरी दिलेले असते, आणि त्यालाही कोणी. ही वाट मागे मागे जात धूसर होते. त्या वाटेवर अपराधी सापडत नाही.

आता मधल्या मुलीकडे यावे. जाणूनच न घेणे हा तिचा मार्ग, आणि तो सर्वस्वी त्याज्य आहे असे एकदम म्हणता येत नाही. नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन विदुषीचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्यांची आई हंटिंग्टनच्या रोगाने गेली. हाही वंशागत रोग, कर्करोग नव्हे, पण त्याहून निष्ठुर, कारण दोष असला की रोग जवळजवळ होतोच, आणि त्याला थांबविणारे औषध नव्हते. वेक्सलरबाईंनी व्हेनेझुएलातील रोगग्रस्त कुळांची वंशावळ वर्षानुवर्षे लिहिली. त्या कामातून १९८३ साली दोषाची जागा कळली आणि १९९३ साली जनुक सापडले. परंतु तपासणी हाताशी येताच ती स्वतः करून घ्यावी की नाही याविषयी त्यांचे मन साशंक झाले. २०२० साली आपल्याला तो रोग असल्याचे त्यांनी जाहीर केले. ज्या स्त्रीने इतरांसाठी एवढे ज्ञान मिळविले तिच्या संकोचाला भ्याडपणा कोण म्हणेल? ज्या ज्ञानातून कोणतेही कर्म निघत नाही ते नाकारण्याचा अधिकार माणसाला आहे.

पण राजाजीनगरातील मधल्या बहिणीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्या ज्ञानातून कर्म निघते. गीतेने त्यागाचे तीन प्रकार केले आहेत. मोहाने कर्तव्य टाकणे हा तामस त्याग. देहाला त्रास होईल या भयाने टाकणे हा राजस, आणि अशा त्यागाला त्यागाचे फळ मिळत नाही असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. बाहेरून पाहता तिची अनासक्ती वैराग्यासारखी दिसते. ‘जे व्हायचे ते होईल, मला जाणायचे नाही’ हे शब्द विरक्ताच्या तोंडीही शोभतील. परंतु ज्याला खरोखर काही वाटत नाही त्याला रोगाचे नाव निघताच उठून जावे लागत नाही. मानसशास्त्रज्ञांच्या निरीक्षणाशीही हे जुळते. कॅरिन लर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा कुळांतील माणसांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. रोगाच्या चिंतेने जे आधीच ग्रस्त होते आणि ज्यांनी निकाल जाणण्यास नकार दिला, त्यांच्यात औदासीन्याची लक्षणे असणाऱ्यांचे प्रमाण महिन्याभरात शंभरात २६ वरून ४७ वर गेले. ज्यांना दोष नसल्याचे कळले त्यांचे मन हलके झाले, हे अपेक्षितच होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, दोष असल्याचे ज्यांना कळले त्यांचे औदासीन्यही वाढले नाही. अंधारातील दोरी सापच आहे असे कळले तरी दिवा लावणाऱ्याचे पाऊल कोठे ठेवावे हे तरी ठरते.

तथापि निकाल हाती आला म्हणजे विषाद संपतो असेही नाही. जिला दोष नाही असे निघते तिची एक वेगळी व्यथा असते: बहिणीला आला आणि मला नाही, मी असे काय केले होते? तिला आनंद करावयाचीही चोरी होते. कित्येकांना तर मुक्ततेचा विश्वासच बसत नाही. इतकी वर्षे ज्या भयाच्या आधाराने आयुष्य मांडले ते भय काढून घेताच घर रिकामे वाटते. भय, शोक व विषाद यांना जी धरून ठेवते, सोडू म्हणता सोडीत नाही, अशा धृतीला गीतेने तामसी म्हटले आहे. धैर्याच्या प्रकारांत तिची गणना व्हावी हे प्रथम विचित्र वाटते, पण थोरलीकडे पाहिले म्हणजे पटते. त्रेचाळिसाची ती भिंत सांभाळण्यास काही थोडी चिकाटी लागत नाही! धाकटीची गोष्टही तीच. ज्ञानाची लक्षणे सांगताना तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा व व्याधी यांतील दोष पुनःपुन्हा पाहावयास सांगितले आहे खरे. परंतु ते पाहणे मनाला देहापासून सैल करण्यासाठी आहे. दिवसातून चारदा चाचपणाऱ्या बोटांनी देहाला अधिकच घट्ट धरलेले असते.

या सगळ्यांहून निराळी वाट एका शिंपीणबाईने सव्वाशे वर्षांपूर्वी दाखविली. अमेरिकेतील मिशिगन प्रांतात ॲन आर्बर गावी पॉलिन ग्रॉस नावाची स्त्री कपडे शिवून पोट भरीत असे. १८९५ साली तेथील विद्यापीठाचे अध्यापक डॉ. ॲल्ड्रेड वॉर्थिन यांच्याशी बोलताना ती खिन्न दिसली. कारण विचारता तिने सांगितले की, आपण तरुणपणीच कर्करोगाने मरणार, कारण आपल्या घरातील बहुतेक माणसे तशीच जातात. तिची प्रकृती त्या वेळी चांगली होती. दुसऱ्या एखाद्याने हसून धीर दिला असता. वॉर्थिन यांनी तसे केले नाही. त्यांनी तिच्या कुळाची नोंद घेण्यास आरंभ केला, आणि ती नोंद तिनेच त्यांना पुरविली. कोण कोणाचा, कोण कशाने गेला, कोणत्या वयात गेला, हे ती नातलगांकडून विचारून आणीत असे. १९१३ साली वॉर्थिन यांनी ते प्रसिद्ध केले तेव्हा कुळातील मूळ पुरुषाच्या ४८ वंशजांपैकी १७ जणांना कर्करोग झाल्याचे दिसून आले. पॉलिन स्वतः गर्भाशयाच्या कर्करोगाने शेहेचाळिसाव्या वर्षी वारली. तिचे भाकीत खरे ठरले.

तिने भय टाकले होते असे म्हणण्यास आधार नाही. ते असूनही ती लिहीत गेली, एवढेच म्हणता येते. त्या यादीतून तिला स्वतःला काहीच मिळण्याजोगे नव्हते. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी त्याच कुळाचा मागोवा घेतला आणि त्यांच्या नावाने हा विकार ओळखला जाऊ लागला. २००० साली त्या कुळातील नेमका दोष सापडला. अशा कुळांत ठराविक काळाने मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करीत राहिल्यास त्या आतड्याचा कर्करोग शंभरात ६२ ने कमी होतो, असे फिनलंडमधील पंधरा वर्षांच्या पाहणीत त्याच वर्षी दिसून आले. पॉलिनच्या भावंडांच्या नातवंडा-पणतवंडांना ही तपासणी उपलब्ध झाली. फळ दुसऱ्याच्या पदरात पडले. कर्म तिचे होते.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. सदोष कुळांची वाढच होऊ नये असे मानणाऱ्या त्या काळच्या मताचा वॉर्थिन यांच्यावर पगडा होता. म्हणजे ज्या यादीने माणसे वाचविता येतात तिच्याच आधारे माणसांना खालचे ठरविण्याचीही सोय होते. आपल्याकडे हा प्रश्न विवाहाच्या वेळी उभा राहतो. स्थळ सांगून आले असता हे सांगावे की लपवावे? सांगितले तर स्थळ मोडते. शिवाय धाकट्या बहिणींचीही मोडतात. लपविले तर संसाराचा पाया असत्यावर. मध्यस्थांच्या बैठकीत किंवा पत्रिकेबरोबर तपासणीचा कागद ठेवण्याचे बंधन कोणावर नाही, आणि तशी मागणी करणाऱ्यांनी प्रथम आपल्या घराण्यातील तीन पिढ्यांचे मृत्यू कागदावर मांडावेत. फार थोडी घराणी त्या परीक्षेला उतरतील. परंतु ज्या दोघांना जन्म काढावयाचा त्यांनी शब्द देण्यापूर्वी एकमेकांना हे सांगितलेच पाहिजे. ऐकून जो मागे फिरतो तो पुढे आजारपणात उशाशी बसला असता असे मानण्याचे कारण नाही.

रक्ताच्या नातलगांची गोष्ट याहून स्पष्ट आहे. ज्याला आपल्यातील दोष कळला त्याचे ते ज्ञान एकट्याचे राहत नाही. त्यातील निम्मे कदाचित बहिणीचे, भावाचे, चुलतमावस भावंडांचे असते. ते त्यांच्यापासून झाकून ठेवणे म्हणजे दुसऱ्याची ठेव दाबून ठेवणे. मात्र ठेव आहे एवढे सांगावे. ती आजच उघडून पाहा अशी जबरदस्ती करू नये. अजाण मुलांना तर यात मुळीच ओढू नये. ज्या रोगाचा प्रश्न प्रौढपणी येणार आहे त्याची तपासणी मुलाने स्वतः सज्ञान झाल्यावर ठरवावी, असाच वैद्यकाचाही दंडक आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात यासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे, आणि बंगळुरातही असे समुपदेशन मिळते. तेथे पहिल्या भेटीत रक्त घेण्याआधी कागद पुढे ओढून वंशवृक्षच काढतात.

राजाजीनगरच्या त्या घरात एका संध्याकाळी असा कागद पुढे आला असे समजावे. थोरलीने आईचे नाव मध्यभागी लिहिले आणि ती थांबली, कारण आजीच्या भावंडांची नावे तिला ठाऊक नव्हती. ती वडिलांना ठाऊक निघाली. लग्नानंतरच्या पन्नास वर्षांत ऐकलेले सासुरवाडीचे सारे मृत्यू, त्यांच्या साली आणि गावे, ते एकामागून एक सांगत गेले. मधली उठून गेली नाही. नंतर मावशीचे नाव आले, आणि मावशीला विचारावयास धाकटी दुसऱ्या दिवशी मल्लेश्वरमला जाईल असे ठरले. शेवटी मामांचे नाव लिहिले. मामा हुबळीला असतात. त्यांची प्रकृती ठणठणीत आहे, आणि त्यांना दोन मुली आहेत, एकीचे लग्न ठरले आहे. त्यांना हे कोणी कळवावयाचे, यावर त्या घरात अजून एकमत झालेले नाही.